फोटोमागे नाव लिहा
(कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण)



मला फोटोवर बोलायला सांगितलंय. तुम्ही म्हणाल, जमिनीचं सोडून हे काय काढलं? पण हे जमिनीचंच आहे.

1857 चं बंड झालं आणि इंग्रजांना धास्ती बसली, की या देशात कोण कोण राहतंय ते आपल्याला नीट माहीतच नाही. गव्हर्नर जनरल कॅनिंगनं लोकांचे फोटो हौसेनं जमवायला घेतले होते, ते काम मग सरकारी झालं. त्यातनं 'द पीपल ऑफ इंडिया', म्हंजे 'भारताचे लोक', असं पुस्तक लंडनहून निघालं. 1868 ते 1875, आठ खंड, 468 फोटो. त्यात आदिवासीही आहेत. पण बहुतेकांना नाव नाही. फोटोखाली जमात लिहिलेली, आणि ती जमात भरवशाची की चोरटी, तेही साहेबानंच लिहिलेलं. बाजारात बैलाचे दात बघून गुण सांगतात ना, तसं.

आता वर्षं जुळवून बघा. जंगलाचा पहिला कायदा 1865 चा, दुसरा त्याहून कडक 1878 चा. म्हंजे आपले फोटो काढत होते त्याच वर्षांत आपलं जंगल घेत होते. पुस्तकात आपण जंगलचे लोक, कायद्यात जंगलात घुसलेले.

इंग्रज गेले. 26 जानेवारीला दिल्लीत आपली माणसं नाचतात, पेपरात फोटो येतो, खाली 'आदिवासी नर्तक'. देश दाखवायला आपला ढोल लागतो, नाव नाही लागत.

फोटो नेहमी सरकारच्याच बाजूनं बोलतो असंही नाही बरं का. 1943 ला बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, सरकार त्याला दुष्काळ म्हणेना. ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पेपरनं रस्त्यावर पडलेल्या माणसांचे फोटो छापले, तेव्हा ते झाकता येईना.

आता घरचं सांगते. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, तोही एका कॅलेंडरवरचा. शहरातल्या कुणीतरी काढलेला. आजी नागली कापतेय, मागं आजोबानं घातलेला बांध आणि मोहाचं झाड. प्लॉटची चौकशी लागली तेव्हा बाबा ते कॅलेंडर घेऊन हापिसात गेले. साहेब म्हणाला, "वर्ष छापलंय, ठीक. पण ही बाई कोण? शेत कुठलं?" खाली लिहिलेलं, 'आदिवासी स्त्री'. बाबा कॅलेंडर गुंडाळून परत आले.

संघटनेकडं आता एक कॅमेरा आलाय. एका रिळात 36 फोटो निघतात, ते नाचात घालवायचे नाहीत. माणूस आपल्या बांधावर उभा पाहिजे, जवळचं झाड नाहीतर नाला दिसला पाहिजे. मागं नाव, पाडा, तारीख, शेजारच्या दोघांचे अंगठे. एक प्रत घरात, दंडाच्या पावतीबरोबर, एक संघटनेत. म्हाताऱ्यांना आधी उभं करा. बांध कुणी घातला ते त्यांनाच माहीत आहे, आणि पावसाळ्याच्या आत हे रीळ संपवायचंय.