झाड वाळलं म्हणण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सुरुवातीला, गुढीपाडव्याच्या दिवशी रहिवाशांसमोर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे.)



मला झाडांच्या आरोग्यावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी काही वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. बी.कॉम. झालो आणि सगळी नोकरी बँकेत केली. शेतीकर्जाच्या निमित्तानं बांधावर फिरलो, तेवढीच माझी शेतकी. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या बागेचं काम गळ्यात पडलं आणि चुकत चुकत थोडं शिकलो. त्यातली एक चूक मोठी होती. ती आज सगळ्यांसमोर सांगणार आहे, कारण गेटजवळचा लिंब तोडायचा विषय पुढच्या सभेत आहे.

आज सकाळी आपण सगळ्यांनी लिंबाचा पाला आणि गूळ खाल्ला, गुढीला डहाळी बांधली. ती कोवळी, तांबूस झाक असलेली पानं बघून बरं वाटतं. पण तीन-चार आठवड्यांपूर्वीचा लिंब आठवा. फाल्गुनात त्याची पानं पिवळी पडतात, खाली सडा पडतो आणि काही दिवस फांद्या उघड्या दिसतात. नव्या माणसाला वाटावं, झाड गेलं. आपण लिंबाला बारमाही हिरवा म्हणतो, पण बारमाही हिरवा म्हणजे पान कधीच गळत नाही असं नव्हे. आंबा, अशोक, कण्हेर, तगर, यांचंही जुनं पान गळतंच. नवं येत राहतं म्हणून आपल्या लक्षात येत नाही. तेव्हा फाल्गुन-चैत्रात आतली, जुनी पानं पिवळी होऊन गळाली आणि शेंड्याला डोळे फुगलेले दिसले, तर काळजी करू नका. झाड जुनी वही बंद करून नवी उघडतंय.

आता माझी चूक. साल २०१६. त्या वर्षीचा दुष्काळ इथं बसलेल्या कुणालाही सांगायला नको. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. आपल्याकडं टँकर आला की घागरींची रांग लागायची. अशात झाडाला कोण पाणी घालणार? आपल्या ओपन स्पेसच्या कोपऱ्यात सोसायटीच्या सुरुवातीला लावलेला एक लिंब होता. पाडवा झाला तरी त्याला पालवी नाही. चैत्र संपत आला तरी नाही. खाली मुलं खेळतात, फांदी पडली तर काय, असं समितीत बोलणं झालं. झाड वाळलंय, काढून टाका, असा ठराव झाला. मी तेव्हा खजिनदार होतो. लाकूडतोड्याच्या पावतीवर माझी सही आहे.

करवत बुंध्यात अर्ध्यावर गेली आणि भुसा ओला निघाला. मी तिथंच उभा होतो. कळलं, पण बोललो नाही. मृगाचा पाऊस पडला आणि पंधरा दिवसांत त्या खोडक्याला चहूबाजूंनी कोंब फुटले. तोवर तिथं फरशी बसवायचं ठरलं होतं, तीही बसली. पुढं एकदा शेजारच्या मावशी, त्या दर पाडव्याला त्याच झाडाचा पाला न्यायच्या, मला म्हणाल्या, "भाऊ, नखानं खरवडून बघितलं होतं का?" मी म्हणालो, "नाही मावशी." त्या पुढं काही बोलल्या नाहीत. मावशी आता नाहीत. पण तो प्रश्न माझ्याजवळ राहिला.

बँकेत एखादं खातं थकलं तर आम्ही लगेच बुडीत म्हणत नसू. नव्वद दिवस बघायचे, मग नोटीस, मग भेट. थकलेल्या खात्याला एवढी मुदत देणाऱ्या माणसानं झाडाला ती दिली नाही. म्हणून आज मी तपासणीचा क्रम सांगतो. पाच पायऱ्या आहेत, आणि त्यांना नख, खुरपं, एक भिंग एवढंच लागतं.

पहिली पायरी, जिवंत आहे का? पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल नखानं जराशी खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर तिथपर्यंत ती मेली आहे. मग तिथून खाली सरकत या. कुठं हिरवं लागतं ते बघा. एका फांदीवरून ठरवू नका, चारही बाजूंनी बघा आणि शेवटी बुंध्याजवळ बघा.

दुसरी पायरी, त्रास एकट्याला आहे की सगळ्यांना? एकाच जातीची झाडं आजारी आणि शेजारची दुसरी ठणठणीत, तर कीड किंवा रोगाचा संशय घ्या. पण एकाच पट्ट्यातली जास्वंद, तगर, मेंदी, सगळीच एकदम सुकली तर कारण बहुधा जमिनीत, पाण्यात किंवा आपल्या हातात असतं. मागं पूर्वेच्या भिंतीलगतचं कुंपण असंच एका रेषेत करपलं होतं. आम्ही रोग शोधत बसलो. नंतर कळलं, फरशीच्या फटीतलं गवत मारायला कुणीतरी तणनाशक फवारलं होतं आणि त्या दिवशी वारा होता. तणनाशकाला गवत कोणतं आणि जास्वंद कोणती हे कळत नाही.

तिसरी पायरी, कोणती पानं बिघडलीत, नवी की जुनी? हे फार उपयोगाचं आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. ऊसवाले याला केवडा पडला म्हणतात. लोह झाडात जुन्या पानाकडून नव्याकडं सरकत नाही, म्हणून नव्या पानाला आधी चिमटा बसतो. आपल्या जमिनीत चुनखडी आहे, वरून बांधकामाचा राडारोडा आपण झाडांच्या खड्ड्यात लोटलाय. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यात रोज पाणी तुंबवलं की आणखी बिघडतं. उपाय म्हणजे आधी पाणी आटोक्यात आणा, कुजलेलं शेणखत घाला, आणि लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. आधी एका फांदीवर करून बघा. उलट खालची, जुनी पानं सगळी सारखी फिकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, तिथं शेणखत पुरतं. आणि जुन्या पानांच्या फक्त कडा आणि टोकं करपलेली, वाफ्यात मातीवर पांढरा थर, असं दिसलं तर ते बोअरच्या खारट पाण्याचं काम. तिथं रोज तांब्या-तांब्या पाणी घालण्याऐवजी आठ दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या, म्हणजे क्षार खाली जातील. निचरा मात्र हवा.

चौथी पायरी, पान उलटून बघा. चैत्रातली कोवळी फूट म्हणजे रस शोषणाऱ्या किडींची मेजवानी. जास्वंदीच्या शेंड्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. पानं चिकट, मुंग्यांची ये-जा आणि वर काजळी, तर मावा, पांढरी माशी किंवा खवले कीड. काजळी हा मूळ रोग नाही, किडीच्या गोड चिकट्यावर वाढलेली ती बुरशी आहे. आधी पाण्याचा जोराचा फवारा मारा, फार लागलेला शेंडा कापून टाका. मग ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं, आणि उन्हं उतरल्यावर फवारायचं. लगेच जहाल औषध नको. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली तमिळनाडूत कोइमतूरला सापडला आणि पुढं जास्वंदीसकट कितीतरी झाडांवर पसरला. २०१० साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर जगणारी इवलीशी गांधीलमाशी परदेशातून आणून सोडली आणि तिनं तो आटोक्यात आणला. आपल्या बागेतही ढालकिड्यासारखे मित्र आहेत. सरसकट विष मारलं की आधी तेच मरतात. आणि बालमित्रांनो, कढीपत्त्यावर चिमणीच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते ना, ती फुलपाखराची. तिला दोन पानं खाऊ द्या.

पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच आपण विसरतो. जमिनीत बघा. खुरप्यानं वीतभर उकरा आणि माती मुठीत दाबा. पानं माना टाकतात ती तहानेनंही आणि मुळं कुजल्यानंही. वरून दोन्ही सारखंच दिसतं. काळ्या मातीत पाणी साचून मुळं गुदमरलेली असतात आणि आपण झाड सुकलं म्हणून आणखी पाइप सोडतो. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत जातात. म्हणून पाणी बुंध्याला देऊ नका, घेराच्या कडेला आळं करून द्या. बुंध्याला मातीचा ढीग लावू नका, साल कुजते. आणि मुळांना हवाही लागते. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता की बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आपल्याकडं अशोकाच्या रांगेत बोट घालायला जागा नाही, एवढी फरशी बुंध्याला भिडलीय. त्या रांगेचे शेंडे दरवर्षी उन्हाळ्यात का करपतात, याचं उत्तर मला तरी पायाखालीच दिसतं.

आता गेटजवळचा लिंब. मागच्या पावसाळ्यापासून त्याच्या डहाळ्या शेंड्याकडून वाळतायत, हे खरं आहे. २०२१ च्या सुमारास शेजारच्या तेलंगणात लिंबाची असंख्य झाडं अशीच वाळायला लागली, तेव्हा वर्तमानपत्रांत बरंच आलं होतं. फोमॉप्सिस नावाची बुरशी हे त्याचं मुख्य कारण. कोकणात काजूवर येतो त्या जातीचा ढेकण्याही कोवळ्या फुटीतला रस शोषतो आणि शेंडे वाळवतो. हा रोग पावसाळ्यात दिसायला लागतो, थंडीपर्यंत वाढतो, आणि चैत्रात बऱ्याच झाडांना खालून नवी फूट येते. म्हणजे शेंडे वाळले, एवढ्यावरून झाड मेलं असं होत नाही.

परवा मी आणि ही समोर बसलेली चार पोरं शिडी लावून वर गेलो. शिडी त्यांच्या वडिलांनी धरली होती, काळजी नको. नऊ फांद्या खरवडल्या. शेंड्याकडचा दोन-तीन हातांचा भाग कोरडा निघाला. त्याखाली सात फांद्यांना हिरवं लागलं, दोन पार आतपर्यंत गेल्यात. बुंधा चांगला आहे, वाळवीचं घर नाही. रस्त्याच्या बाजूला मात्र फरशी थेट सालीला टेकलीय.

माझी सभेला विनंती अशी. वाळलेला भाग हिरव्या लाकडात वीतभर आत येऊन कापू. त्या दोन मेलेल्या फांद्या रस्त्यावर येतात, त्या मात्र लगेच उतरवू. लोकांच्या डोक्याशी खेळ नको. कापलेला पाला-फांद्या ढिगात न ठेवता जाळून किंवा पुरून टाकू. जखमांना बोर्डो पेस्ट लावू, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात. आपल्याला पाव किलोचीच पुरेल. बुंध्याभोवती मीटरभर फरशी उचलू. आणि निर्णय जूनअखेरपर्यंत थांबवू. मृगानंतरही फूट आली नाही तर तोडायच्या ठरावाला पहिली सही मी करीन.

शंका असेल तर आपल्याच तालुक्यात खामगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. नमुना नेताना पूर्ण वाळकी काटकी नेऊ नका, जिथं हिरवं आणि वाळकं मिळतं तो तुकडा न्या. तो कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घामेजतो. सोबत लिहून न्या, कधीपासून, कोणत्या बाजूनं, पाणी किती, मागच्या सहा महिन्यांत जवळ काय खोदलं, काय फवारलं. डॉक्टरकडं जाताना आपण मागची फाइल नेतो, तसंच हे.

पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत घरं वाढली, गाड्या वाढल्या, मुलं पुण्या-मुंबईला गेली. ती सुट्टीत येतात तेव्हा गेटजवळ त्या लिंबाखालीच उतरतात. त्याचा निकाल लावायचाच तर आधी नख लावून बघू, एवढंच माझं म्हणणं. मंडळी, चहा झाल्यावर मी गेटजवळ थांबतो. ज्यांना स्वतः खरवडून बघायचंय त्यांनी या. येताना खुरपं आणा.



ता.क. : स्मरणिका छपाईला जाताना जुलैचा पहिला आठवडा चालू आहे. सभेनं मुदत दिली, फरशी उचलली गेली. सातपैकी पाच फांद्यांना चांगली फूट आली आहे. दोन अजून गप्प आहेत. त्या बघणं चालू आहे.