अकरा महिन्यांची नोकरी आणि त्यातून घरी काय न्यायचं

आज नोकरीवर बोलू. मिळालेल्या नोकरीवर. न मिळणाऱ्या नोकरीवर तर आपण रोजच बोलतो, चहाच्या टपरीवर.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पहिली नोकरी कशी असते, तुम्हाला माहीत आहे. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये काट्यावर बसायचं. वणीकडं खाणीच्या कंत्राटदाराकडं लागायचं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत शिफ्ट, कृषी सेवा केंद्रात काउंटर, नाहीतर फायनान्सवाल्यांची वसुली. आणि २०२४ पासून आणखी एक, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावी पास असेल तर महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर ८ हजार, पदवीधराला १० हजार. आधी सहा महिने होते, मग पाच वाढले, अकरा झाले. शेवटी प्रमाणपत्र.

कायम करू, असं या योजनेत कुठं लिहिलेलं नाही. मुलांनी त्यासाठी आंदोलनं केली. ती मागणी चूक आहे असं मी म्हणणार नाही. इतके महिने सरकारी कार्यालयात राबलेल्या पोराला पुढं काय, हा प्रश्न सरकारला विचारायलाच पाहिजे. पण मागणी मान्य होईल तेव्हा होईल, तुमचा महिना मात्र आज संपतो आहे. म्हणून आज एकच गोष्ट बोलायची आहे. जी नोकरी संपणारच आहे, तिच्यातून आपण काय घेऊन बाहेर पडायचं?

समजा तुम्हाला ग्रामपंचायत मिळाली. पहिले पंधरा दिवस काय होतं? ग्रामसेवक दोन-तीन गावं सांभाळतो, तो भेटत नाही. तुम्ही खुर्चीवर, मोबाइल हातात. घरचे म्हणतात, पोट्टं ऑफिसात जाते, पण करते काय? बरोबर आहे त्यांचं. काम कोणी देत नाही, कारण शिकवायला कोणाला वेळ नाही. मग काम मागायचं, आणि मागताना नाव घेऊन मागायचं. 'काही काम असेल तर सांगा' म्हटलं की झेरॉक्स आणायला पाठवतात. 'सर, नमुना ८ दाखवता का, मी थकीत घरपट्टीची यादी काढून देतो' म्हटलं की समोरचा माणूस मान वर करून बघतो.

नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. हा फरक गावातल्या कित्येक शिकलेल्या माणसांना सांगता येत नाही. तुम्हाला यायला लागला, जन्म-मृत्यूची नोंद कशी होते ते कळलं, घरकुलाचा अर्ज कोणत्या टेबलावर अडतो ते कळलं, तर महिने संपल्यावरही गावात तुमच्याकडं माणसं येतील. सेतू केंद्र, सीएससी, वकिलाचं ऑफिस, बँकेचा प्रतिनिधी, सगळीकडं हेच ज्ञान लागतं. सगळं शिकायची गरज नाही. एक काम पकडा, अर्जापासून शेवटच्या सहीपर्यंत.

जिनिंगचंही तसंच. सीझन संपला की माणसं कमी करतात, ते ठरलेलंच आहे. पण काट्यावर नुसते आकडे लिहिणारा आणि कापूस ओळखणारा, यांत फरक आहे. सीसीआय ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते, आणि ८ च्या वर गेला की भावात कपात होते. हे ज्याला गाडीवर हात घालून, मग मीटर लावून कळायला लागलं, धाग्याची लांबी समजायला लागली, त्याला पुढच्या वर्षी बोलावणं येतं. आणि घरी बाप कापूस विकायला निघाला तर ती ओली गाडी आज न्यायची की दोन दिवस वाळवायची, हेही तोच सांगतो. माझ्या मते पहिल्या पगारापेक्षा हे मोठं आहे.

आता थोडं कागदाचं. हे कंटाळवाणं आहे, पण ऐका. रुजू होताना आपलं पद काय लिहिलंय ते वाचा. अप्रेंटिस कायद्याखालचा शिकाऊ असेल तर पीएफ लागू नसतो. पण कामगार म्हणून घेतलं आणि पगारातून पीएफ कापला जात असेल, तर उमंग ॲपवर पासबुक उघडून पैसे खरंच जमा होतात का ते दर दोन महिन्यांनी बघा. यूएएन नंबर एकच, आयुष्यभराचा. नोकरी बदलली की नवा काढू नका. आणि अनुभवाचं पत्र निघायच्या आधी मागा. निघाल्यावर फोन उचलत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, हे आपण पोस्टरवर वाचतो. वकील झाल्यावर त्यांनी सुरुवात मात्र अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली केली, आणि मग पुसदला आले. १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ नंतर महसूल खात्याचे उपमंत्री. त्यांच्यासारखे व्हा असं मी सांगत नाही, तो काळ वेगळा होता. मला फक्त ते हाताखालचे दिवस दिसतात. कोणाच्या हाताखाली बसतो, यालाही किंमत असते. तुमच्या ऑफिसात साहेब कसाही असो, एखादा जुना क्लार्क असतो ज्याला सगळं माहीत असतं. त्याच्या टेबलाजवळ खुर्ची ओढा.

मग सोडायची कधी? दोन-तीन महिने पगार थकला तर. वसुलीच्या नावाखाली बायाबापड्यांच्या दारात जाऊन शिव्या द्यायला लावत असतील तर. कोऱ्या कागदावर सही मागितली तर त्याच दिवशी. आणि पुण्याला १५ हजार मिळतात म्हणून निघायचं असेल तर आधी खोलीभाडं, मेस आणि गावी यायचं ट्रॅव्हल्सचं तिकीट एका कागदावर मांडा. उरतं किती ते बघा, मग बॅग भरा. उरत असेल तर खुशाल जा.

तुम्ही सध्या कुठं आहात आणि तिथलं कोणतं एक काम पूर्ण येतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू. चला, येतो.