तळघराच्या जमिनीतील भेगा

गाढी नदी आणि खाडी यांच्या सान्निध्यात वसलेल्या पनवेलच्या सखल भागात पावसाळ्यात भूजलाची पातळी बरीच वर येत असल्यामुळे, जुन्या भातशेतीवर भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळघरातील काँक्रीटला पडलेली भेग हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. केसासारखी बारीक, वेडीवाकडी भेग बहुधा आकुंचनाची असते, म्हणजे काँक्रीट सुकताना त्यातील पाणी उडून आकारमान घटल्याने ती पडते. परंतु तिची एक कड दुसरीपेक्षा खाली गेली असल्यास भराव नीट न दाबल्यामुळे जमीन खचत असल्याचा संशय घ्यावा लागतो आणि संरचना अभियंत्याला पाचारण करणे अपरिहार्य ठरते. माती वा भूजलाच्या संपर्कातील काँक्रीटसाठी आयएस ४५६:२००० ही भारतीय संहिता भेगेच्या रुंदीची ०.२ मिलिमीटर ही कमाल मर्यादा सुचवते.

भेगेच्या टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली आणि एक पावसाळा जाऊ दिला, तर ती वाढते की स्थिर आहे हे कळते. वरून सिमेंटचा लगदा फासणे हा सर्वांत लोकप्रिय आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी उपाय होय. स्थिर, कोरड्या भेगेत इपॉक्सी हे कडक होणारे राळयुक्त द्रव्य दाबाने भरतात. झिरपणाऱ्या भेगेत मात्र पाणी लागताच फुगणारे पॉलियुरेथेन वापरतात. तरीही खालून दाब कायम असेल तर पाणी शेजारून वाट काढतेच, म्हणून आधी निचऱ्याचा खड्डा खोदून त्यात पंप बसवावा लागतो.