महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांचे सल्लागार



शाळा सोडून मूल कॉलेजांत जातें, तेव्हां घरांतील मंडळींना खांद्यावरचें ओझें उतरल्यासारखें वाटतें. आतां तें मोठें झालें, आपलें आपण पाहील, असें आपण म्हणतों. वस्तुतः त्याच दिवसापासून त्याच्याकडे लक्ष ठेवणारें माणूस नाहींसें होतें. शाळेंत मुलगा तीन दिवस आला नाहीं, तर वर्गशिक्षक घरीं निरोप धाडतो. कॉलेजांत तो तीन आठवडे आला नाहीं, तरी शंभर-सव्वाशें मुलांच्या वर्गांत त्याची रिकामी जागा कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. मी शाळामास्तर, मॅट्रिकपुढें माझें शिक्षण नाहीं, आणि कॉलेजांतील अध्यापनावर बोलण्याचा माझा अधिकारहि नाहीं. पण जीं मुलें माझ्या हातांखालून कॉलेजांत गेलीं, त्यांतलीं पुष्कळ पुढें भेटत राहिलीं. आणि जीं अडचणींत सांपडलीं, त्यांच्या हकीकतींत एक गोष्ट मला वारंवार आढळली. मदत होती; पण ती कोठें मिळते हें त्यांना ठाऊक नव्हतें, किंवा ठाऊक असूनहि तेथें जाण्याची लाज वाटत होती.

पूर्वीं पुण्यासारख्या शहरांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. मंगळवारचा मुलगा एखाद्या मंगळवारीं आला नाहीं, तर त्या घरच्या माउलीला चुकल्यासारखें होई. ही सोय ठराविक जातींच्या मुलांपुरतीच होती, हा तिचा मोठा दोष. तो दोष ओळखून शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभें करण्यास हातभार लावला. पुढें १९२४ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारें वसतिगृह काढलें. आणि १९५५ पासून पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिति खेड्यांतून आलेल्या मुलांना आधार देत आली आहे. या सर्वांनीं जेवण दिलें, निवारा दिला हें खरेंच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिली. आज हा गप्प कां, असें विचारणारें कोणी तरी दिलें.

आजच्या विद्यार्थ्यापुढील अडचणी तीन प्रकारच्या आहेत. पहिली अभ्यासाची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषय कोणता, दुय्यम कोणता, श्रेयांक कसे मिळवावे, तीन वर्षांनीं पदवी घ्यावी कीं चौथें वर्ष करावें, असले निर्णय अठरा-वीस वर्षांच्या मुलाला घ्यावे लागतात. दुसरी पैशाची. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. आवश्यक तो दाखला वेळेवर हातीं नसला, तर हक्काची रक्कम अडून बसते. तिसरी मनाची, तिच्याविषयीं मूल सर्वांत कमी बोलतें.

या तिन्ही अडचणी एकीच्या मागून दुसरी अशा येतात. फी भरावयाची म्हणून मुलगा रात्रीं कोठें तरी काम धरतो. त्यामुळें सकाळचे तास बुडतात. तास बुडाले म्हणून दोन विषय राहतात. आणि ते राहिले हें घरीं सांगवत नाहीं, म्हणून तो सुट्टींत गांवीं जाण्याचें टाळूं लागतो. आतां या मुलानें जावें कोणाकडे? कारकुनाकडे, प्राध्यापकाकडे, कीं समुपदेशकाकडे? त्याचें त्यालाच कळत नाहीं. म्हणून तज्ज्ञाच्याहि आधीं त्याला नांवानें ओळखणारा एक माणूस हवा असतो, जो सगळें ऐकून घेईल आणि म्हणेल, "चल, आधीं कचेरींत जाऊं, मग पुढचें पाहूं."

कागदावर ही व्यवस्था आज पुष्कळशी आहे. अनेक कॉलेजांत ठराविक विद्यार्थ्यांमागें एक मार्गदर्शक शिक्षक नेमतात. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. तक्रार निवारण समितीविषयीं २०२३ चे आहेत. २५ जुलै २०२५ रोजीं तर सर्वोच्च न्यायालयानें असें फर्माविलें कीं, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनें किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनीं बाहेरील तज्ज्ञांशीं रीतसर संबंध जोडावा. हा आदेश उगाच निघाला नाहीं. सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ या एका सालीं आपल्या देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली.

पण नेमणूक झाली म्हणजे काम झालें, असें नव्हे. मार्गदर्शकाचें कर्तव्य सहीच्या वहींतच आटोपणार असेल, तर त्याचा मुलाला काय उपयोग? चांगल्या मार्गदर्शकाची खूण ही कीं, तो वाट पाहत बसत नाहीं. हजेरी घसरतांच स्वतः हांक मारतो.

आणि एक अडसर आपल्या सुशिक्षित घरांतच आहे. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातों; पण "मी समुपदेशकाकडे गेलें होतें," असें मुलगी म्हणाली, कीं आईच्या पोटांत गोळा येतो आणि वडील विचारतात, "तुला इथें कमी काय आहे?" या एका प्रश्नानें मुलीचें तोंड कायमचें बंद होतें. तेथें काय बोलणें झालें हें खोदून विचारूं नये. तें गुप्त राहतें म्हणूनच तिला बोलतां येतें.

तेव्हां पालकांना माझें सांगणें थोडकेंच आहे. प्रवेशानंतरच्या पहिल्या पंधरवड्यांत मुलाला चार नांवें शोधून लिहून ठेवावयास सांगावें : मार्गदर्शक शिक्षक, शिष्यवृत्तीचें काम पाहणारा कारकून, समुपदेशक आणि वसतिगृहाचे रेक्टर. "किती गुण पडले?" याच्या आधीं "कोणाशीं बोलतोस?" हें विचारावें. आणि विषय राहिला तर घर सुटत नाहीं, हें निकाल लागण्यापूर्वींच, सहज बोलतां बोलतां, एकदां स्पष्ट सांगून ठेवावें.

झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, मूल फोन उचलीनासें झालें, आवडीच्या वस्तु वाटून टाकूं लागलें, तर मात्र थांबूं नये. "जिवाचें बरेंवाईट करण्याचें मनांत येतें का?" असें सरळ विचारावें. विचारल्यानें तसला विचार डोक्यांत शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट कोणी तरी विचारलें म्हणून मन मोकळें होतें. अशा वेळीं त्याला एकटें सोडूं नये. डॉक्टरकडे घेऊन जावें. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथें अहोरात्र, विनामूल्य, मराठींतहि बोलतां येतें. तो आजच घरांतील सर्वांनीं टिपून ठेवावा.

कॉलेजानें माणूस नेमावा, हें कायद्यानें सांगतां येतें. त्या माणसाकडे जाण्यास मुलाला धीर देणें हें मात्र घराचेंच काम आहे.