मॉरिशसच्या संथ वाटा

मॉरिशस हे बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. इंदूरहून निघून उज्जैन ओलांडावे आणि थोडे पुढे जावे, एवढीच काय ती या देशाची लांबी! सकाळी न्याहारी करून निघालेला मनुष्य दिवे लागण्यापूर्वी साऱ्या राष्ट्राला प्रदक्षिणा घालून येऊ शकतो. आम्ही चौघा मित्रांनी त्या प्रदक्षिणेस आठ दिवस लावले.

आमच्यात एक वकील, एक डॉक्टर, एक निवृत्त शिक्षक आणि चौथा मी. गाडी वकीलसाहेब चालवीत. वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने जात असल्यामुळे त्यांना अडचण पडली नाही. नियम एकच केला होता : कोणीही ‘थांबा’ म्हणाला की थांबायचे, कारण विचारायचे नाही.

या नियमाचा लाभ दक्षिण किनाऱ्यावर सर्वांत अधिक झाला. बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे. त्यावर लाटा फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. मात्र सुयाक गावाजवळ ग्री-ग्री येथे हे कडे खंडित झाले आहे. तिथे समुद्र काळ्या खडकांवर सरळ येऊन आदळतो. माहेबूरपासून निळ्या शांत पाण्याची सवय झालेल्या आमच्या डोळ्यांना तो आवेश पाहून क्षणभर धाकच वाटला.

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला उसाचे मळे. भाद्रपदाचे दिवस होते, तिकडचा हिवाळा सरत आला होता आणि तोडणी चालू होती. कापलेल्या शेतांतून काळ्या दगडांचे उंच ढीग मनोऱ्यांसारखे उभे दिसत. डॉक्टरांनी एक दगड हाती घेतला आणि म्हणाले, “अहो, हा तर आपल्या माळव्यातला दगड!”

त्यांचे म्हणणे थट्टेचे असले तरी खोटे नव्हते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खन आणि माळव्याच्या पठारांवर ज्या भूगर्भातील उष्ण स्रोताने लाव्हाचे थर पसरले, त्याच स्रोतावर पुढे समुद्रतळातून एकामागून एक ज्वालामुखी उभे राहिले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. मॉरिशस हे त्यांतलेच, सुमारे ८० लाख वर्षांचे अपत्य. आज तीच चूल शेजारच्या रेयुनियों बेटाखाली धगधगत आहे. आपली काळी माती आणि हे बेट एकाच चुलीवरचे!

पण शेतांतले ते दगड वेचले कोणी? १८३५ मध्ये या बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. पळून गेलेले गुलाम ज्याच्या आश्रयाला जात, तो ल मॉर्नचा एकाकी पर्वत नैऋत्य टोकावर आजही त्या यातनांची साक्ष देत उभा आहे. गुलामांच्या जागी मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणविले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. १९२० पर्यंत असे सुमारे पाच लाख लोक आले. त्यांत बिहारचे होते, तमिळ व तेलुगू होते आणि मुंबई बंदरातून निघालेले आपले मराठी लोकही होते.

त्यांचे वंशज आम्हांला पश्चिमेकडील कास्काव्हेल गावाजवळ भेटले. तिकडे गणेशोत्सवानिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ढोलकी आणि झांजा ऐकू आल्या, शिक्षकमित्र ‘थांबा’ म्हणाले आणि गाडी थांबली. अंगणात फेर धरून लोक गात होते. कोकणात जिला जाखडी म्हणतात, तोच हा प्रकार. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी तो समुद्रापार नेला. गाठोड्यात त्याला जागा लागली नसेल.

घरचे वृद्ध गृहस्थ आरती तोंडपाठ म्हणत होते. मात्र आम्ही बोलू लागलो तेव्हा ते हसले आणि क्रेओलमध्ये नातीला काही म्हणाले. त्यांची बोली आता तीच. आपले पूर्वज कोणत्या गावचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. मजुराचे पाळण्यातले नाव सरकारी दप्तरात चढले आणि तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले. मूळ आडनाव गेले आणि त्याबरोबर गावही पुसले गेले. नात मात्र शाळेत मराठी शिकत होती. शब्द जुळवीत, सावकाश, तिने विचारले, “आजोबा, तुम्ही महाराष्ट्रातून आलात?”

“नाही बाळ, इंदूरहून,” शिक्षकमित्र म्हणाले.

“इंदूर महाराष्ट्रात नाही? मग तुम्ही मराठी कुठे शिकलात?”

“घरी,” ते म्हणाले.

पुढे पोर्ट लुईपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही. आम्ही चौघेही घरीच मराठी शिकलो होतो; पण चौघांपैकी तिघांची नातवंडे आजीशी हिंदीत बोलतात. हिंदीविषयी आमच्या मनात किंतु नाही. ती आमच्या प्रांताची भाषा आहे. प्रश्न आमच्या घरांचा होता. ज्या इंदुरात १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले, तिथल्या मुलीला कोणी ‘मराठी कुठे शिकलीस?’ असे विचारले तर ती काय सांगेल?

दुसऱ्या दिवशी आम्ही पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहिला. मजूर ज्या पायऱ्या चढून या देशात शिरत, त्या दगडी पायऱ्या तिथे जपल्या आहेत आणि २००६ पासून जागतिक वारसास्थळांत त्यांची गणना होते. पायऱ्यांशी उभे असता त्या वृद्धांचे अंगण पुन्हा डोळ्यांपुढे आले. त्या घरातील बोली काळाच्या ओघात गेली, तरी गाणे आणि आरती टिकली. कारण दरवर्षी ठरलेल्या दिवशी मोठी माणसे मुलांना शेजारी घेऊन ती म्हणत आली. आम्ही इंदूरवासी तर मुंबईहून एका रात्रीच्या अंतरावर राहतो. आमच्यापाशी ग्रंथालये आहेत, नाटके आहेत, गणेशोत्सव आहे. मुलाला जवळ बसवून रोज एक गोष्ट मराठीत सांगायला यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही.

एका दिवसात बेटाची प्रदक्षिणा उरकली असती, तर कास्काव्हेलच्या त्या मुलीने आम्हांला तो प्रश्न विचारला नसता. तो आम्ही इंदुरास घेऊन आलो आहोत. उत्तर आता घरोघरी द्यायचे आहे.