धर्माचा रकाना कोणी भरायचा?

(नागपूर येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



फळ्यावर विषय लिहिलाय : व्हिडिओ गेममधले देव, रूह आणि चारित्र्य. तो वाचून काही जण हसले, ते मला दिसलं. काहींना वाटत असेल की आता गेम खेळणं हलाल की हराम यावर पाऊण तास जाणार. तो प्रश्न मी आज घेणार नाही. मला आस्तिक-नास्तिक या विषयावर बोलायचंय. आपल्या घरांत हा विषय निघाला की दोन मिनिटांत आवाज चढतात. गेम ही लांबची, कोणाच्याच बापजाद्यांची नसलेली जागा आहे. तिथे उभं राहून जरा शांतपणे बोलता येतं.

आपल्याकडे गेम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोबाईलवरचा बीजीएमआय येतो. मी ज्याबद्दल बोलतोय तो वेगळा प्रकार आहे, रोल-प्लेइंग गेम. यात तुम्ही एक पात्र घडवता, त्याला एका काल्पनिक जगात सोडता आणि शेकडो संवादांतून, निर्णयांतून त्याची गोष्ट पुढे जाते. कादंबरी वाचावी तसा महिना-दोन महिने हा खेळ चालतो. माझं उदाहरण आहे ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’. अमेरिकेतल्या ऑब्सिडियन कंपनीने तो २०१५ मध्ये आणला. त्याआधी २०१२ मध्ये जगभरातल्या सुमारे ७४ हजार लोकांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी जवळपास ४० लाख डॉलर उभे केले होते. मी त्याचा शेवट सांगून टाकणार आहे. ज्यांना खेळायचाय त्यांनी थोडा वेळ बाहेर चहा घ्यायला हरकत नाही.

सुरुवातीला पात्राचा फॉर्म येतो. स्त्री की पुरुष, वंश कोणता, लढवय्या की जादूगार, कोणत्या प्रदेशात वाढला, आधी काय काम करायचा. मग बळ, काटकपणा, चपळाई, निरीक्षण, बुद्धी, निर्धार या सहा गुणांवर गुण वाटायचे. या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना सगळ्यांना नसतो. तुम्ही पुरोहित व्हायचं ठरवलंत तरच तुमचा देव कोणता, हे विचारलं जातं. नऊ-दहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा हा फॉर्म भरला तेव्हा मला आपला शाळेचा दाखला आठवला. तिथे तो रकाना आपण बोलायला शिकायच्या आधीच भरलेला असतो.

गुण वाटले म्हणजे पात्र तयार झालं असं आपल्याला वाटतं. खरं पात्र पुढे घडतं. हा गेम तुमच्या वागण्याची नोंद ठेवत असतो. दया, क्रूरता, प्रामाणिकपणा, लबाडी, मुत्सद्दीपणा, आततायीपणा असे दहा स्वभाव त्यात आहेत. तुम्ही गावकऱ्याशी खोटं बोललात, एक नोंद. शरण आलेल्याला सोडलंत, एक नोंद. हळूहळू लोक तुम्हाला त्या नावाने ओळखू लागतात. पुरोहिताच्या बाबतीत तर गंमत अशी की तो आपल्या देवाला न शोभणारं वागला तर त्याची शक्तीच घटते. नुसतं ‘मी अमक्या देवाचा’ म्हणून भागत नाही. आपल्या मोहल्ल्यात पाच वक्त पहिल्या सफमध्ये उभे राहून बहिणीचा वारसाहक्क गिळणारे किती आहेत, हे मोजायला असा गेम हवा होता.

आता गोष्ट. या जगात रूह म्हणजे श्रद्धेचा विषय नाही. ती आहे हे सिद्ध झालेलं आहे. माणूस मेला की तिचा पुनर्जन्म होतो, आणि तिचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही आहेत. पण एका प्रदेशात मुलं रूहशिवाय जन्माला येऊ लागतात. श्वास चालतो, डोळे उघडे, आत कोणी नाही. आयाबाया वेड्यापिशा होतात. लोक कारण शोधतात आणि दोन सोपी कारणं सापडतात. एक, ते शास्त्रज्ञ. दुसरं, एओथस नावाच्या देवाचे भक्त, कारण काही वर्षांपूर्वी त्या देवाच्या नावाने एक स्वारी झाली होती. युद्ध संपलं, पण संशय उरला. ज्यांनी त्या स्वारीच्या विरोधात लढून जखमा झेलल्या, त्या भक्तांकडेही लोक तिरप्या नजरेने पाहतात. त्यातला एडेर नावाचा शेतकरी गेममध्ये तुमचा सोबती होतो. त्याचा भाऊ त्या युद्धात नेमका कोणत्या बाजूने लढला, एवढंच त्याला कळायला हवं असतं. एडेरची कहाणी इथे बसलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही.

खरा गुन्हेगार असतो थाओस. तो रूह चोरतोय. का चोरतोय हे शेवटी कळतं, आणि गेमचा गाभा तिथेच आहे. हजारो वर्षांपूर्वी एका प्रगत समाजाने देवांचा शोध घेतला आणि त्यांना कोणीच सापडलं नाही. ते घाबरले. देव नसतील तर माणसं एकमेकांना फाडून खातील, न्यायाला आधार उरणार नाही. म्हणून त्यांनी आपल्याच लोकांच्या रूह एकत्र करून, यंत्रं लावून देव तयार केले. थाओस त्या काळातला. जन्मामागून जन्म तो हे गुपित राखत आलाय. आयोवारा नावाच्या बाईने ते उघड सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याने तिच्यावर धर्मद्रोहाचा खटला चालवला. आणि त्या जन्मी तिचा विश्वासघात करणारा थाओसचा चेला कोण होता? तुम्ही. तुमचंच पात्र.

थाओस मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो ढोंगी नाही. त्याला पैसा नको, गादी नको. लोकांच्या भल्यासाठीच आपण हे करतोय असं तो मनापासून मानतो. त्याचा युक्तिवाद आपण सगळ्यांनी ऐकलाय. ‘तुला शंका आहे ना, ठेव मनात. बाहेर बोलू नको, लहान भाऊ बिघडेल.’ ‘आपण शिकलेले आहोत, आपल्याला पचतं, साध्या लोकांना पचत नाही.’ हे म्हणणारे आपले मामू, चाचा वाईट माणसं नसतात. पण ही भूमिका टिकवायला पुढे काय काय करावं लागतं ते पाहा. आधी एका बाईला गप्प करावं लागतं. मग चौकशी-मंडळ लागतं. मग राजधानीत शास्त्रज्ञांचं म्हणणं ऐकायला सभा भरते, तेव्हा थाओस एका शास्त्रज्ञाच्या शरीरात शिरून राजाचा खून करतो आणि जमाव बाकीच्यांना शोधशोधून मारतो. अफवेतून जमाव कसा तयार होतो हे नागपूरला कोणी शिकवायला नको, १७ मार्च २०२५ ची रात्र आपण पाहिली आहे. आणि शेवटी थाओसची मजल जाते ती पाळण्यातल्या मुलांपर्यंत.

मी हे नास्तिकांच्या बाजूने बोलतोय असं कोणाला वाटेल, म्हणून आस्तिकांच्या बाजूनेही पाहू. ज्याला बोलायची मुभा नाही तो नमाजला उभा राहील, रोजा धरल्याचं सांगेल. आपल्या दीनमध्ये त्याला शब्द आहे, मुनाफिक. मनात नसलेला ईमान जिभेवर मिरवणाऱ्याला कुराणाने किती कठोरपणे झापलंय, ते तुम्हाला ठाऊक आहे. जबरदस्तीबद्दल सूरह बकराची २५६वी आयत काय सांगते तेही ठाऊक आहे. मग धाक दाखवून आपण घरोघर मुनाफिक तयार करतो, त्याचा हिशोब कोणाच्या नावावर लिहायचा? श्रद्धावान माणसाला तर याची जास्त चीड यायला हवी.

रूहबद्दल मात्र गेम आणि आपण वेगळे आहोत. तिथे रूह दिसते, चोरता येते, मोजता येते. आपल्याकडे कुराणातच रूहचा प्रश्न येतो आणि उत्तर मिळतं की हा अल्लाहच्या हुकुमाचा विषय आहे, माणसाला यातलं फार थोडं कळतं. त्या थोड्यातही आपले वाद आहेतच. ताजबागला चादर चढवणारा आणि त्याला बिदअत म्हणणारा, दोघंही एकाच मोहल्ल्यात राहतात, दोघंही मुसलमान. आणि त्याच शहरात दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे लाखो माणसांनी आपला रकाना स्वतःच्या हाताने बदलला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आत्मा नाकारला आणि गेल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांतही नाकारला, कारण त्या सिद्धांताने या जन्मीच्या गरिबीला आणि अस्पृश्यतेला कारण पुरवलं होतं. ईश्वर नाही, आत्मा नाही, तरी शील आहे, असं म्हणणारी वस्ती आपल्या शेजारी सत्तर वर्षं नांदते आहे. देव न मानणारा माणूस बिघडतोच, असं नागपुरात बसून म्हणणाऱ्याने एकदा इंदोऱ्यात फेरी मारावी.

आपल्यातही अशी माणसं झाली. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. धर्मश्रद्ध नव्हते आणि ते लपवतही नव्हते. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांच्या काही मतांशी माझं पटत नाही. आपल्या समाजातल्या श्रद्धाळू माणसाशी बोलायची भाषा त्यांना नेहमी सापडली असं मला वाटत नाही. पण त्यांनी पाठ फिरवली नाही. तलाक दिलेल्या बाईच्या पोटगीचा प्रश्न त्यांनी आपला मानला, आणि मुसलमान म्हणूनच मांडला. ३ मे १९७७ ला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. दफन नको, विधी नकोत, दहन करा, ही त्यांची इच्छा होती, तसंच झालं. त्यांचं कोणत्याही मुद्द्यावर न पटणाऱ्यानेही एवढं मान्य करावं की रकाना त्यांनी स्वतः भरला होता.

गेममध्ये एक सोय असते. निर्णय चुकला की जुनी फाईल उघडायची. घरी अम्मीला ‘माझा विश्वास उरला नाही’ असं सांगितल्यावर जुनी फाईल उघडत नाही. कोईम्बतूरच्या फारूकला तर मार्च २०१७ मध्ये नास्तिक म्हणून जीवच गमवावा लागला. म्हणून जोशात येऊन उद्याच जाहीर करा, असं मी कोणालाही सांगणार नाही. फी कोण भरतं, राहायला कुठे आहात, पाठीशी कोण आहे, हे आधी पाहा. पण कायद्यात काय आहे तेवढं सगळ्यांना माहीत हवं.

२३ सप्टेंबर २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की धर्म जाहीर करायची सक्ती कोणतीही सरकारी यंत्रणा करू शकत नाही आणि ‘मी कोणत्याच धर्माचा नाही’ असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. याचिका करणारे तिघं येशूला मानणारे होते, फक्त स्वतःला कोणत्या धर्माचे म्हणवून घ्यायचं नव्हतं. सरकारी मुद्रणालयाने राजपत्रात तशी नोंद करायला नकार दिला म्हणून ते कोर्टात गेले. म्हणजे ‘धर्म नाही’ म्हणणारा प्रत्येक जण नास्तिक असतोच असं नाही.

बहिष्काराचं प्रकरण जुनं आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच जमातीत असगर अली इंजिनियर पुढे बहिष्कार सोसत राहिले, आणि ते नास्तिक नव्हते, कुराणाचा आधार घेऊनच बोलायचे. आता महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जमातीच्या पंचांना हा कायदा माहीत नसतो, बहुतेक वेळा ठाण्यातल्या हवालदारालाही नसतो. फोनमध्ये ठेवा.

वारशाचा गुंता अजून सुटलेला नाही. श्रद्धा सोडलेल्या मुस्लिमाला शरियतऐवजी भारतीय वारसा कायदा लागू व्हावा, ही केरळमधल्या एका महिलेची याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीस घेतली. एक वाट आजही उघडी आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवलं तर वारसा त्या कायद्याने जातो. केरळच्याच एका मुस्लिम वकिलाने २०२३ च्या महिला दिनी आपल्याच पत्नीशी या कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवलं. इस्लाम सोडण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला तीन मुली होत्या आणि मालमत्ता पूर्णपणे त्यांनाच मिळावी एवढंच त्याला हवं होतं.

गेमच्या शेवटी चोरलेल्या रूहचं काय करायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं. मुलांना परत द्यायच्या, जन्ममृत्यूच्या फेऱ्यात सोडायच्या, एखाद्या देवीच्या ताब्यात द्यायच्या, असे बरेच पर्याय असतात. देव बनावट आहेत हे तुम्हाला आता कळलेलं असतं, पण एडेरला देव अजून हवाच असतो. त्याला काय सांगायचं, सांगायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं. गेम यावर गुण देत नाही.

आता पाच-पाच जणांचे गट करू. प्रत्येक गटात निदान एक जण पक्का नमाजी असू द्या आणि निदान एक जण असा, ज्याला शंका आहेत. कोण कोण ते विचारायचं नाही, सांगायचीही सक्ती नाही. कागदावर एक पात्र घडवा : वय १९, घर मोमिनपुऱ्यात, वडिलांचं दुकान, धाकटी बहीण बारावीला. धर्माचा रकाना कोरा ठेवा. मग त्याच्या आयुष्यातले तीन प्रसंग लिहा, जिथे त्याचा स्वभाव नोंदवला जाईल. अर्ध्या तासाने कागद गोळा करतो. नावं लिहू नका.