वारेचा कर्करोग आणि मेंदू



गर्भ रुजूं लागला कीं वार आईच्या गर्भाशयाच्या भिंतींत मुळें रोवते, तेथील रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्यांतून बाळाचें पोषण चालविते. एवढें आक्रमण निसर्ग दुसऱ्या कोणत्याहि निरोगी पेशीला करूं देत नाहीं. वारेलाहि त्यानें मर्यादा घातली आहे. क्वचित् ती सुटते. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर, आणि विशेषतः द्राक्षगर्भानंतर, म्हणजे मूल न वाढतां द्राक्षांच्या घडासारखे फुगे वाढल्यानंतर, मागें राहिलेल्या पेशी कर्करोगाचें रूप घेतात. त्या रोगास कोरिओकार्सिनोमा म्हणतात.

रक्तवाहिन्यांत शिरणें हा या पेशींचा जन्मजात धर्म. म्हणून हा रोग रक्तावाटें बहुधा फुप्फुसांत, आणि कांहीं जणींच्या मेंदूंत जातो. तेथील गांठींतून रक्तस्राव होतो. मग ऐन तारुण्यांतील स्त्रीला एकाएकीं आकडी येते, एक अंग लुळें पडतें, किंवा डोकें असह्य दुखूं लागतें. घरचीं माणसें अर्धांगवायु म्हणतात. डॉक्टरांसहि प्रथम तसेंच वाटतें, आणि त्यांत नवल नाहीं. परंतु "शेवटचें गर्भारपण केव्हां होतें?" हा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा. आपल्या घरांतून गर्भपाताची गोष्ट वडील माणसांसमोर कोणी काढीत नाहीं, आणि मग ती डॉक्टरांच्या कानांवरहि जात नाहीं. वर्ष लोटलें असलें तरी ती सांगावी. गर्भावस्थेंतील एचसीजी नांवाचा स्राव या पेशीहि सोडतात. त्यामुळें गरोदरपण ओळखण्याची साधी तपासणीच येथें वाट दाखविते.

एवढा आग्रह धरण्याचें कारण, हा रोग बरा होतो. १९५६ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंतील मिन चिउ ली व रॉय हर्ट्झ यांनीं, मेथोट्रेक्सेटनें हाच पसरलेला रोग हटविल्याचें प्रसिद्ध केलें. गांठ दिसेनाशी झाली तरी स्राव पूर्ण नाहींसा होईपर्यंत औषध थांबवूं नये, हा लींचा हट्ट. त्यापायीं त्यांना ती संस्था सोडावी लागली. १९७२ सालीं लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचें नांव आलें. आज तर स्राव नाहींसा झाल्यावरहि कांहीं आठवडे औषध देतात.

मेंदूंत पोंचलेल्या रोगास अनेक औषधें एकत्र द्यावीं लागतात. पहिले दिवस रक्तस्रावामुळें फार धोक्याचे. तरीहि यांतील पुष्कळ स्त्रिया बऱ्या होतात, कित्येकींना पुढें निरोगी मुलेंहि होतात. मात्र उपचार संपल्यावर वर्षभर तरी गर्भ राहूं देऊं नये असें सांगतात. कारण नव्या गर्भानेंहि तोच स्राव वाढतो, आणि रोग परतला आहे कीं काय, तें कळेनासें होतें.